कुशीतली नजर

योत्सुगीच्या नदीकाठच्या गल्लीत शिगेला कुणी नुसती 'कामगार' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. 'कामगार खोकी उचलतात, मी चेहरे करते,' असं ती तोंडावर सुनवायची, मग समोर सरकारी कचेरीतला कारकून असो नाहीतर तिचा स्वतःचा मालक. बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. अंगानं काटकुळी, केस कायम पांढऱ्या फडक्यात बांधलेले, आणि चालण्याची ऐट अशी, की वाटेत कुत्रं आडवं पडलं असेल तर त्यानंच उठून बाजूला व्हावं. पण तिचा ताठा फुकटचा नव्हता. आज इसोगाई खेळणी कारखान्याला पक्की इमारत आहे, फाटकावर पितळी पाटी आहे, आणि कालपरवा कामाला लागलेल्यांना वाटतं की हे सगळं यंत्रांनी उभं केलं. यंत्रांनी काय डोंबल केलं. हा कारखाना उभा राहिला तो शिगेच्या एका चुकीवर, आणि ती चूक मान्य करायची धमक तिच्यात होती म्हणून.

शिगे मूळची इवात्सुकीची. त्या गावात घरटी कुणी ना कुणी बाहुल्यांच्या धंद्यात. मार्चमधल्या मुलींच्या सणाला घरोघरी लाल कापडाच्या पायऱ्यांवर राजाराणी आणि त्यांचा दरबार मांडतात, त्या बाहुल्या तिथून जायच्या. शिगेचा बाप हेइगो डोकी करायचा. लाकडाच्या भुशाचं डोकं, त्यावर शिंपल्यांच्या भुकटीचे पांढरे थर, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे काढताना श्वास रोखून धरायचा आणि चकार शब्द बोलायचा नाही, कारण डोळे उघडले की बाहुली ऐकायला लागते, असं तिथली माणसं मानत. बायकांनी केस लावावेत, रेशमी झगे शिवावेत. चेहरा हे पुरुषाचं काम. पण हेइगोला मुलगा झाला नाही, आणि पन्नाशीतच त्याचा हात थरथरायला लागला. तेव्हा नाइलाजानं त्यानं मुलीच्या हातात कुंचला दिला.

'बाहेर कुठं बोलू नकोस,' म्हणाला.

शिगे बाहेर बोलली नाही, पण आतून अशी फुलली की विचारू नका. पुढं लढाई आली, सरकारनं चैनीच्या वस्तूंवर बंदी घातली, त्यात बाहुल्याही गेल्या. हेइगो लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात वारला. त्याचा धंदा बुडाला आणि मग तोही गेला, असंच शिगे सांगायची. लढाई संपल्यावर पोटासाठी ती तोक्योला आली आणि योत्सुगीत इसोगाईंच्या शेडमध्ये रंगकामाला लागली.

शेड म्हणजे जळक्या पत्र्यांचं ठिगळ. मालक तामेकिची इसोगाई लढाईआधी सेल्युलॉइडचे कंगवे आणि साबणाच्या डब्या करायचा. बॉम्बच्या आगीत जुनं दुकान गेलं. आता त्यानं खुळखुळे आणि पाण्यात तरंगणारे मासे करायला घेतले होते. माल कुठला? तर सिनेमाच्या जुन्या फिती, इस्पितळातून टाकून दिलेली क्ष-किरणांची फिल्म, जे मिळेल ते धुऊन स्पिरिटात विरघळवायचं. शेडमध्ये दिवसभर कापराचा वास भरलेला असे. गल्लीतले लोक हसायचे.

'खायला रताळं मिळत नाही आणि हा खेळणी करतोय,' म्हणायचे.

तामेकिचीचं उत्तर ठरलेलं होतं. 'मोठ्यांनी लढाई केली ना हौसेनं? मग पोरांनी काय राख खेळायची?'

सेल्युलॉइड म्हणजे नुसता भडका. म्हणून शेडमध्ये शेगडी नाही, दिवा नाही, कुणी विडीकाडी शिलगावली तर मालकाच्या लाथा. हिवाळ्यात शिगेची बोटं आखडून जायची. मग ती कोपऱ्यावरच्या रताळेवालीच्या भट्टीपाशी जाऊन हात शेकायची आणि तिला हुकूम सोडल्यासारखी म्हणायची, 'जरा सरक, ह्या हातांवर कारखाना चालतो.'

शेडमध्ये तिसरं माणूस म्हणजे मालकाची बायको, कियो. साच्यातून निघालेल्या खेळण्यांची शिवण चाकूनं तासायचं काम तिच्याकडं होतं. जीभ त्या चाकूपेक्षा धारदार. मालक अर्धं बोलायचा तोवर ती उरलेलं अर्धं खोडून मोकळी व्हायची. पण लहान बाहुल्यांचा पहिला साचा आला तेव्हापासून तिचं एक विचित्र होतं. बाहुली उचलायची ती पायाला धरून, बाजारातून मुळा आणावा तशी, आणि तासून झाली की न बघता टोपलीत टाकायची. त्यावर कुणी काही बोलत नसे. इसोगाईंची मुलगी फुमी चार वर्षांची होती. आगीच्या त्या रात्री पुलावर गर्दी लोटली आणि ती आईच्या हातून सुटली. ती पुन्हा सापडलीच नाही.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्या हिवाळ्यात तामेकिचीची झोप उडाली होती. चांगलं सेल्युलॉइड आता ज्यांच्याकडं परदेशी मागणी आहे त्यांनाच मिळणार, असा नियम आला. मागणी नाही तर माल नाही, आणि माल नाही तर शेडला टाळं. अशात योकोहामाच्या एका व्यापारी पेढीचा माणूस, हासेबे, चिखल चुकवत शेडमध्ये आला. केसांना तेल, बुटांना चकाकी. म्हणाला, 'प्रॅट म्हणून अमेरिकन खरेदीदार आलाय. त्याला तान्ह्या बाळाएवढी नाही, पण कुशीत मावेल अशी बाहुली हवी. नाताळासाठी, हजारांनी. एक नमुना द्या. पसंत पडला तर तुमचं नशीब उघडलं.'

तामेकिचीनं शिगेकडं पाहिलं. शिगे तर जन्मभर याच दिवसाची वाट बघत होती. बापाच्या नावाखाली नाही, मालकाच्या नावाखाली नाही, तिच्या हातचा चेहरा समुद्रापलीकडं जाणार होता.

तिनं जीव ओतला. इवात्सुकीच्या राणीचा चेहरा तिनं त्या गुबगुबीत सेल्युलॉइडच्या गोळ्यावर उतरवला. केसाएवढ्या बारीक भुवया, मिटल्यासारखे ओठ, आणि पापण्या खाली झुकलेल्या, अर्ध्या उघड्या. रताळेवालीनं पाहिलं आणि हात पुसून नमस्कार केला. तामेकिची घसा खाकरत म्हणाला, 'झकास.' त्याच्या तोंडून हा शब्द निघणं म्हणजे सणच. कियोनं एकदा लांबून बघितलं आणि पुन्हा मान खाली घालून चाकू चालवायला लागली.

हासेबे नमुना घेऊन गेला आणि दोन दिवसांनी तोंड पाडून परत आला.

'नाही म्हणाला.'

'का?' तामेकिचीनं विचारलं.

'म्हणतो, बाहुली रुसलीये. नाहीतर झोपलीये. माझ्याकडं बघतच नाही, म्हणतो.'

शिगे ताडकन उठली. 'बघेल कशाला? घरंदाज चेहरा आहे तो. आल्यागेल्याच्या तोंडाकडं टकामका बघत बसत नाही.'

'शिगे-सान, आल्यागेल्यानंच ती विकत घ्यायची आहे,' हासेबे म्हणाला. 'तो परवाच्या बोटीनं चाललाय. उद्या दुपारी एकदा दाखवता येईल, एवढं मी त्याच्या पाया पडून मिळवलंय. मोठे डोळे काढा. उघडे, गोल. दुसऱ्या एका कारखान्यानं तसे दाखवलेत.'

तो गेल्यावर तामेकिचीनं शिगेपुढं नवी कोरी बाहुली ठेवली. हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखंच तोंड केलं. शिगेनं दात आवळून मोठे, गोल, सरळ समोर बघणारे डोळे काढले. झालं आणि तिघंही त्या बाहुलीकडं बघत राहिली.

'ही तर खिसा कापल्यावर चौकीत आलेल्या माणसासारखी दिसते,' कियो म्हणाली.

तामेकिचीला हसू आवरेना, आणि हसता हसता त्याचा चेहरा असा काही कसनुसा झाला की शिगेला त्याच्याकडं बघवेना. तो उठून बाहेर निघून गेला. शिगेची कानशिलं तापली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातच्या चेहऱ्याला कुणी हसलं होतं, आणि हसणाऱ्याची काही चूक नव्हती, हे तिला जास्त लागलं. घरी जाऊन ती जवाच्या भाताच्या वाटीपुढं नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती शेडवर आली. तामेकिची हासेबेला आणायला स्टेशनवर गेला होता. कियो एकटीच दाराशी, उजेडाला बसून, बाहुल्यांची शिवण तासत होती. शिगेनं परत आलेला पहिला नमुना उचलला, माळ्यावरच्या फळीवर ठेवला आणि खाली गुडघ्यांवर बसून वर पाहिलं.

'बघा मालकीणबाई, इथून बघा. माझ्याकडंच बघतेय ना ही? आहे ना नजर? त्या माणसाला बघायचीच अक्कल नाही.'

कियोनं चाकू थांबवला. 'शिगे-सान, तुमच्या त्या राण्या बसतात वर पायऱ्यांवर, आणि आम्ही बसतो खाली, माना वाकवून. म्हणून त्या खाली बघतात. ही कुठं बसणार? माळ्यावर? अमेरिकेतली पोर काय शिडी लावून खेळणार हिच्याशी?'

सात पिढ्या तिच्या गावानं वरून खाली बघणारे डोळे काढले, आणि कुणाला कधी विचारावंच लागलं नाही की बाहुली कुठं बसते. तिनंही विचारलं नाही. कुशीतल्या बाहुलीला तिनं सिंहासनावरची नजर दिली होती. बाप असता तर त्यानंही हेच केलं असतं, ह्याचं तिला सुख वाटेना. मागणी आली नाही तर ह्या घराला टाळं लागणार होतं, आणि चूक तिची होती.

'चुकलंच माझं,' ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून कियोनं त्याआधी कधी ऐकले नव्हते. 'पण मग कुठं बघायला हवं? सरळ बघितलं तर चौकीतला माणूस होतो. मला मूल नाही, मला कसं कळणार?'

शिगे बिनचेहऱ्याची एक बाहुली घेऊन तिच्यापुढं बसली. आपण काय मागतोय हे तिला पुरतं कळत होतं, आणि तरी तिनं मागितलं.

'एकदा घ्या. मला दाखवा.'

'भलतंच काय,' कियो म्हणाली. 'मला कामं आहेत.'

शिगे हलली नाही. बाहुली पुढं धरून तशीच बसली. मग कियोनं चाकू खाली ठेवला, हात मांडीला पुसले आणि बाहुली घेतली. आधी तशीच, परक्यासारखी. पण हाताला आठवण असते. डावा कोपर आपोआप वाकला, बाहुलीचं डोकं त्या खोबणीत जाऊन बसलं, उजवा तळवा तिच्या पायाखाली गेला, आणि कियो किंचित डोलायला लागली. तिला स्वतःला ते कळलं नसावं.

'अशी पडली की सरळ आढ्याकडं नाही बघत,' ती हळू म्हणाली. 'मी ह्या बाजूला असते ना. म्हणून डोळे असे कोपऱ्यात येतात, तिच्या उजवीकडं, आणि वर. हनुवटी तिकडं, डोळे इकडं. आपण दुसऱ्या कुणाशी बोलत असलो तरी सोडत नाही. बघतच राहते. आता आपण तिच्याकडं बघणार, हे तिला ठाऊक असतं.'

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण डोलणं थांबलं नाही.

'हलू नका,' शिगे म्हणाली.

तिनं कुंचला भिजवला. बाहुली कियोच्या हातातच होती. शिगे गुडघ्यांवर पुढं झाली, श्वास रोखला आणि तिथंच, कुशीत, डोळे काढले. काळी बुबुळं उजव्या कोपऱ्यात, जराशी वर, आणि पांढऱ्याचा एक ठिपका. बापानं शिकवलेलं सगळं त्या हातात होतं, बापानं कधी न केलेलं काम तो हात करत होता. झाल्यावर तिनं श्वास सोडला. कियोनं खाली पाहिलं. मग बाहुली शिगेच्या हातात देऊन ती नळावर तोंड धुवायला गेली, आणि येऊन पुन्हा चाकू घेऊन बसली.

'जा आता,' म्हणाली. 'आणि त्या तेलकट डोक्याला सांगा, धक्के देऊ नकोस, रंग ओला आहे.'

परदेशी व्यापाऱ्यांच्या हॉटेलात जपानी माणसांना बाजूच्या दारानं आत सोडत. तामेकिचीनं उसना कोट घातला होता, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. बाहुली शिगेच्या छातीशी, रेशमी रुमालात. मालकालाही तिनं बघू दिली नव्हती. 'रंग ओला आहे' एवढंच म्हणाली.

'त्यांना सांगा, टेबलावर ठेवायची नाही,' ती हासेबेला म्हणाली. 'हातात घ्यायची.'

'शिगे-सान, तो खरेदीदार आहे, दाई नाही. मी कसं सांगू?'

'नका सांगू.'

प्रॅट हा दाराच्या चौकटीएवढा माणूस. तोंडात चिरूट. शिगे सरळ त्याच्यापुढं गेली, वाकून नमस्कार केला, बोटानं चिरूट ठेवून द्यायची खूण केली. सेल्युलॉइड आणि विस्तव, खरेदीदार असला म्हणून काय झालं. त्यानं गमतीनं ठेवला. मग तिनं त्याचा डावा कोपर धरून वाकवला आणि त्यात बाहुली निजवली. हासेबेनं डोळे मिटून घेतले. प्रॅट मोठ्यानं हसला, हसत हसत त्यानं खाली पाहिलं, आणि त्याचं हसू तिथंच थांबलं. तो एक पाऊल बाजूला सरकला, खिडकीकडं वळला. त्याचा दुसरा जाडजूड हात आपसूक बाहुलीच्या डोक्याखाली गेला होता. काहीतरी पुटपुटला.

'काय म्हणतात?' तामेकिचीनं विचारलं.

'म्हणतात, ही माझ्याकडं बघतेय.'

त्यानं मग आकडा सांगितला. हासेबेनं तो दोनदा विचारून खात्री केली. शेवटी प्रॅटनं विचारलं की चेहरा कुणाचा. अशा वेळी मालक पुढं होतो आणि कारखान्याचं नाव सांगतो, तीच रीत आहे. तामेकिचीनं ती मोडली. तो एक पाऊल मागं झाला, उसन्या कोटाच्या बाह्या सावरल्या आणि दोन्ही हातांनी शिगेकडं दाखवलं.

'ह्या आमच्या कारखान्याच्या चेहरेकार. नुकाबा शिगे.'

शिगेची मान त्या दिवशी जी ताठ झाली ती पुढं जन्मभर तशीच राहिली. पण ती लगेच म्हणाली, 'चेहरा माझा आहे. नजर माझी नाही.' हासेबेला ह्याचं भाषांतर जमलं नाही.

तामेकिचीनं तेव्हा कुठं नीट पाहिलं. प्रॅटच्या कोपराआडून दिसणारे, कोपऱ्यातून वर लागलेले ते दोन डोळे त्यानं पाहिले. परतताना नदीवरच्या पुलावर ट्राम आली तेव्हा म्हणाला, 'फुमी अशीच बघायची.'

'मला काय माहीत,' शिगे म्हणाली. 'मालकीणबाईंनी दाखवलं.'

'तिनं?' तामेकिची तिच्याकडं वळला. 'हातात घेतली तिनं? कुशीत?'

शिगेनं मान हलवली. तामेकिचीनं कोटाची लांब बाही तोंडावर धरली आणि योत्सुगी येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

माल आला, साचे वाढले, गल्लीतल्या बायका रंगकामाला आल्या. जे हसत होते त्यांच्याच घरातल्या सुना शिगेकडं हात शिकायला बसल्या. ती त्यांना कुंचला द्यायच्या आधी बाहुली कुशीत घेऊन बसवायची, आणि जी अवघडायची तिला दरडावायची, 'अगं, मूल आहे ते, मिठाचं पोतं नाही.' पुढं सेल्युलॉइड गेलं, मऊ प्लास्टिक आलं, डोळे कापलेल्या पितळी पत्र्यातून रंगाच्या फवाऱ्यानं उमटवायला लागले. ते पत्रे कापले ते शिगेच्या नमुन्यावरून. पण हे सगळं नंतरचं. पहिली पेटी भरायची होती त्या दिवशी हासेबे आला आणि म्हणाला, खोक्यावर बाहुलीचं नाव छापायचं आहे, प्रॅट साहेबांनी विचारलंय.

तामेकिचीनं शिगेकडं पाहिलं, मग बायकोकडं. त्याच्या ओठांवर काय आलंय ते शेडमधल्या सगळ्यांना कळत होतं.

'फुमी ठेवूया,' तो म्हणाला. 'तिचं नाव तिकडं हजारो घरांत जाईल, कियो.'

कियोनं एक बाहुली उचलली, तिचे डोळे वाळलेत का ते बघितलं आणि गवताच्या गादीवर निजवली.

'नाव नको,' ती म्हणाली. 'नाव घरात राहू दे, मला हाक मारायला. ज्या पोरी घेतील त्यांनी त्यांची ठेवावीत.' तिनं दुसरी बाहुली उचलली. 'तिला आईकडं बघायचं होतं. तेवढं ह्यांना बघू दे.'

तिनं हासेबेला खोक्याचं झाकण आणायला पिटाळलं.